पाठकोरं पान

स्वारगेटजवळ एका स्टेशनरीच्या दुकानावर दोन खोल्या आहेत. एकीत 'पेरा' नावाचं त्रैमासिक निघतं आणि दुसरीत त्याचे न खपलेले अंक राहतात. दुसरी खोली मोठी आहे, हे वेगळं सांगायला नको.

पहिल्या खोलीत, खिडकीशी, कौशल्या ढगे गेली बावीस वर्षं बसते आहे. तिच्या हुद्द्याला नाव नाही. टपाल फोडायचं, हस्तलिखितं टाइप करायची, पानं लावायची, छापखान्याशी भांडायचं आणि संपादक ज्ञानदेवराव चष्मा शोधायला लागले की तो त्यांच्याच कपाळावर आहे असं सांगायचं, एवढी सगळी कामं तिची. हिंगोलीकडून लग्न होऊन पुण्यात आली तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. नवरा भोसरीच्या कारखान्यात, कायम पहिल्या पाळीला. पहाटे साडेचारला उठून त्याचा डबा करायचा, तो गेला की घर आवरायचं आणि विश्रांतवाडीहून बस धरून मराठी टायपिंगच्या क्लासला जायचं, असं तिनं दोन वर्षं केलं. क्लास संपला. डबा मात्र दोन वर्षांपूर्वी नवरा निवृत्त होईपर्यंत, तब्बल तीस वर्षं चालला.

'पेरा'त फक्त नव्यांना जागा. ज्याचं आजवर कुठंही काही छापून आलेलं नाही, त्यानं इथं यावं. एखाद्याचं तीनदा छापून झालं की ज्ञानदेवराव त्याला चहा पाजतात आणि म्हणतात, "आता आपण बाहेर पडा. मागं रांग आहे." त्यांच्या खुर्चीमागं भिंतीवर दोन नियम लावलेले आहेत. पहिला, मजकूर कागदाच्या एकाच बाजूस लिहावा. दुसरा, नवोदिताच्या मजकुरातला एकही शब्द त्याला विचारल्याशिवाय बदलला जाणार नाही.

दुसऱ्या नियमामागं दुखणं होतं. ज्ञानदेवराव बावीस वर्षांचे असताना त्यांनी दुष्काळावर एक कथा लिहिली होती. ज्या मासिकानं ती छापली त्याच्या संपादकांनी शेवटी परस्पर एक पाऊस पाडला. धो धो. कथा लोकांना फार आवडली आणि ज्ञानदेवरावांनी त्यानंतर एक ओळ लिहिली नाही. हे ते वर्षातून एकदा तरी सांगतात आणि सांगताना आवाज अजून चढतो.

पहिल्या नियमातून एक चाल पडली होती. एका बाजूला लिहिलेले कागद म्हणजे दुसरी बाजू कोरी, आणि पुण्यातल्या माणसाला कोरी बाजू वाया जाताना बघवत नाही. टाइप करून झालेली, ज्यांची मूळ प्रत लेखकानं परत मागितलेली नाही अशी पानं टेबलाच्या डाव्या कोपऱ्यात साठायची. त्याला म्हणायचं पाठकोरे. पत्ते, याद्या, प्रुफं, सगळं पाठकोऱ्यांवर. ज्याचं पहिल्यांदा छापून येणार त्याला कागदावरचं प्रूफ टपालानंच जायचं. मोबाईलवर पाठवलेलं ज्ञानदेवरावांना मान्य नाही. "पहिलं प्रूफ हातात धरायचं असतं," असं त्यांचं म्हणणं. त्या प्रुफाच्या मागं कुणाच्या तरी कथेचं कुठलं तरी पान असायचं, पण मागं कोण बघतो?

मागच्या दिवाळी अंकाच्या वेळी घोळ झाला. पानं लावून तयार होती आणि ऐनवेळी कळलं की एका भावी साहित्यिकानं आपली कथा आणखी एका मोठ्या दिवाळी अंकालाही देऊन ठेवली आहे. ज्ञानदेवरावांनी ती काढून टाकली. ते स्वतः मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर डोळ्याला पट्टी लावून घरी बसले होते. फोनवर म्हणाले, "तुळजाबाईंची 'रंगी' घ्या. प्रूफ पाठवायला वेळ नाही, म्हणून अक्षर न अक्षर जसंच्या तसं."

तुळजाबाई वारज्याच्या पुढच्या, नुकत्याच महापालिकेत आलेल्या एका गावच्या. वय पंचावन्न, शिक्षण सातवी. हिरव्या बॉलपेननं, गोल गोल अक्षरात नऊ पानं लिहिली होती. सोबतच्या चिठ्ठीत होतं: 'ही गोष्ट माझीच हाय. पसंत पडली तर आणखी दोन लिहून ठेवल्यात, त्या धाडते.' ज्ञानदेवरावांची पद्धत अशी की हस्तलिखिताची पहिली दोन पानं वाचून टिक करायची आणि उरलेलं टाइप झाल्यावर वाचायचं. दोन पानांवर त्यांनी लाल पेन्सिलीनं इतकी मोठी टिक केली होती की कागद फाटला होता.

कौशल्या टाइप करायला बसली. गोठ्यात चाळीस वर्षं म्हशी सांभाळलेली बाई. गोठ्याच्या जागी मुलं इमारत बांधतात. शेवटची म्हैस, रंगी, तिला विकायची ठरते. टेम्पो येतो, रंगी चढत नाही, मग चढते. आठवं पान तिथं संपलं. कौशल्यानं पान उलटलं आणि नववं नव्हतंच.

तिनं ड्रॉवर उपसले. पाठकोऱ्यांचा गठ्ठा दोनदा चाळला. टेबलाखाली, खुर्चीच्या गादीखाली, न खपलेल्या अंकांच्या खोलीत, सगळीकडं पाहिलं. चिठ्ठीत पत्ता होता, फोन नंबर नव्हता. छापखान्याचा माणूस दर अर्ध्या तासानं फोन करत होता: सहाच्या आत फाइल आली नाही तर मशीन दुसऱ्याला. ज्ञानदेवरावांना सांगायचं तर ते डोळ्याची पट्टी काढून रिक्षात बसले असते. सव्वापाच वाजले होते. आणि बावीस वर्षं दुसऱ्यांच्या कथा टाइप करून कौशल्याच्या बोटांना एक माज आला होता. शेवट कसा असतो हे त्यांना माहीत झालं होतं.

दहा मिनिटांत तिनं शेवट लिहिला. 'मी रिकाम्या खुंट्याला मिठी मारली. डोळ्यांतलं पाणी खळेना. रंगीच्या गळ्यातली घंटा लांब लांब वाजत गेली.' अशा नऊ ओळी. सहाला पाच कमी असताना फाइल गेली आणि ती घटाघटा पाणी प्यायली.

अंक आला, आणि 'रंगी' वाचून तीन वाचकांची पत्रं आली. एकानं लिहिलं होतं, 'शेवट वाचताना डोळे पाणावले.' खोटं कशाला सांगा, कौशल्याला गुदगुल्या झाल्या. ते पत्र तिनं पर्समध्ये ठेवलं. आठवडाभर ती बसमध्ये ते काढून बघत होती.

मग गुदगुल्या थांबल्या. नव्या लेखकाला अंक मिळाला की त्याचं पत्र येतंच. कुणी अंक देव्हाऱ्यात ठेवल्याचं लिहितो, कुणी आणखी दहा प्रती मागतो. तुळजाबाईंकडून पोस्टकार्डाचा तुकडाही आला नाही. त्या लिहून ठेवलेल्या दोन गोष्टीही नाहीत. कौशल्यानं अंक मिळाला का म्हणून एक पत्र टाकलं, मग दुसरं. जानेवारी गेला, फेब्रुवारी गेला. ज्ञानदेवराव अधूनमधून विचारायचे, "त्या म्हशीच्या बाई गप्प का झाल्या हो?" आणि कौशल्या मान खाली घालून म्हणायची, "कामात असतील." तिला आतून पक्कं ठाऊक होतं. एक लिहिती बाई तिनं बंद पाडली होती. जेवताना, कपडे वाळत घालताना, बसच्या रांगेत, ते मध्येच आठवायचं आणि घास कडू व्हायचा.

होळी होऊन गेल्यावर एका सकाळी शेफाली आली. शेफाली आयटी कंपनीत आहे, तिची पहिली कविता त्याच दिवाळी अंकात आली होती.

"कौशल्याताई, एक वियर्ड गोष्ट दाखवायचीय," ती म्हणाली. "मी ना माझं फर्स्ट प्रूफ फ्रेम करून ठेवलं होतं. काल फ्लॅट शिफ्ट करताना काच फुटली. कागद बाहेर काढला तर मागे हे. कुणाचंय हे? कारण सॉरी टू से, पण हे माझ्या कवितेपेक्षा भारी आहे."

तिनं कागद टेबलावर पालथा ठेवला. हिरवं बॉलपेन. गोल गोल अक्षर. वर कोपऱ्यात नऊ हा आकडा आणि त्याला टाचणीचं भोक. म्हणजे टाचणी सैल होऊन पान आधीच पाठकोऱ्यांत पडलं होतं, आणि मागं न बघता कौशल्यानंच ते प्रिंटरमध्ये घातलं होतं. तिनं शोधाशोध केली तेव्हा ते पाकिटात बसून शेफालीच्या घरी पोचलंसुद्धा होतं.

कौशल्यानं वाचलं. 'रंगी गेली त्या रात्री झोपले ती सकाळी आठला उठले. ऊन तोंडावर आलं होतं. चाळीस वर्षांत मी अंथरुणात ऊन बघितलं नव्हतं. चारला उठायचं नव्हतं, धार काढायची नव्हती, शेण नव्हतं. मी कूस बदलली आन परत झोपले. लई बरं वाटलं. रंगीची आठवण आली, तरी बरंच वाटत राहिलं. कुणाला सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.'

तिनं पुन्हा वाचलं आणि तिला रडू फुटलं. नवरा निवृत्त झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी ती स्वतः सात वाजेपर्यंत झोपली होती. डबा नाही, या विचारानं पांघरुणात एकटीच हसली होती आणि मग चोरी केल्यासारखं वाटून घाईघाईनं उठली होती. हे तिनं कुणालाही सांगितलं नव्हतं. जिनं सांगितलं तिच्या तोंडात तिनं खुंट्याची मिठी कोंबली होती. शेफाली घाबरून पाण्याची बाटली पुढं करत राहिली.

"हा कागद मला देशील?" कौशल्यानं विचारलं.

"ऑफकोर्स. ओरिजिनल त्यांचं आहे. माझ्या बाजूची झेरॉक्स द्या, चालेल मला."

दुपारी ज्ञानदेवराव आले. कौशल्यानं त्यांच्यापुढं दोन कागद ठेवले. एक तुळजाबाईंचं नववं पान आणि दुसरा तिचा राजीनामा. काय झालं ते तिनं उभ्यानंच, एका दमात सांगितलं.

ज्ञानदेवरावांनी आधी राजीनामा उचलला आणि उलटून पाहिला. "याच्या मागं कुणाचं काही महत्त्वाचं नाही ना?" तो त्यांनी पाठकोऱ्यांच्या गठ्ठ्यात ठेवून दिला. मग नववं पान वाचलं. नव्या डोळ्यानं, चष्मा न लावता, दोनदा.

"छापून आल्यावर मी वाचलं तेव्हाच मनात म्हटलं होतं," ते म्हणाले, "आठ पानं बाई जमिनीवर चालल्या आणि नवव्या पानावर नाटकात शिरल्या. शेवट भिकार होता. पण नियम माझाच, बोलणार कुणाला?"

कौशल्याला या प्रसंगीही ते 'भिकार' लागलं. तिनं पर्समधल्या पत्राचा विचार केला.

"बाई, बावीस वर्षांत आपण माझी एक चूक सोडलेली नाही. आज मला किती हलकं वाटतंय म्हणून सांगू." पुढचं बोलताना मात्र त्यांचा आवाज चढला नाही. "माझ्या कथेत तो पाऊस का पाडला, हे मला येऊन कुणी सांगितलं नाही. मी वाट पाहिली होती. आपण जा. पत्र टाकू नका. स्वतः जा, आणि उद्याच जा."

दुसऱ्या दिवशी दोन बस बदलून कौशल्या गावात पोचली. गोष्टीतल्या गोठ्याच्या जागी तीन मजली इमारत उभी होती. सुनेनं वर गच्चीवर पाठवलं. गच्चीभर प्लॅस्टिकवर कुरडया वाळत घातल्या होत्या आणि त्यांच्या मधोमध, डोक्यावर पदर घेऊन, एक सडसडीत बाई सोऱ्या धुवत बसली होती.

"मी कौशल्या. 'पेरा'तनं आलेय."

तुळजाबाईंनी वर पाहिलं. चेहऱ्यावर राग नव्हता, पण मोकळेपणाही नव्हता. "मासिकवाल्या व्हय. बसा तिकडं सावलीला. चांगलं छापलंत तुमी."

"तुम्हाला आवडलं नाही, मावशी."

"आमच्या आवडीचं काय? शिकलेल्या मान्सांनी नीट केलं आसंल." त्या सोऱ्या पुसू लागल्या. "म्या चुकीचंच लिवलं व्हतं. म्हस गेली तर बाईनं रडायला पायजे. हितं ही बया म्हंती, लई बरं वाटलं. तुमी माझी लाज राखलीत. म्या कुनाला दावलं न्हाई घरात. सुनंनं वाचलं आसतं तर म्हनली आसती, आत्या कधी रडल्या? त्या तर घोरत व्हत्या."

कौशल्यानं कोपऱ्यातल्या बादलीत हात धुतले आणि तुळजाबाईंच्या समोर बसून पिशवीतून तो कागद काढला.

"मावशी, तुमचा शेवट कुणी नापसंत केला नाही. कुणी वाचलाच नाही. माझ्याकडनं हे पान हरवलं. सहाच्या आत फाइल द्यायची होती, म्हणून ते रडणं मी घातलं. मी. संपादकांना ठाऊक नव्हतं. चूक माझी एकटीची आहे."

तुळजाबाईंनी हात पदराला पुसले आणि पान घेतलं. ओठ हलवत सगळं वाचलं. मग उलटून मागची शेफालीची कवितासुद्धा वाचली आणि पुन्हा आपल्या बाजूला आल्या.

"म्हंजी वाईट न्हवतं?"

"मी काल वाचलं आणि ऑफिसात बसून रडले. माझ्या नवऱ्याचा डबा सुटला तेव्हा मला अस्संच वाटलं होतं. मी कधी बोलले नाही कुणापाशी."

तुळजाबाईंनी पान मांडीवर ठेवलं. "किती वाजता उठत व्हतीस?" त्यांनी विचारलं. अहो-जाहो गेलं होतं.

"साडेचार."

"म्या चारला." आणि मग त्या हळूच म्हणाल्या, "म्या परत उठाया लागले, बाई. तुमचा अंक आला तवापासनं. ते रडल्यालं वाचलं आन वाटलं, आपुन कसली बाई, दगडाची. मग चारला डोळा उघडतोच. म्हस न्हाई, धार न्हाई, काय न्हाई. उठून जिन्यात बसते उजाडस्तवर. पाच म्हैनं झालं."

कौशल्याच्या नऊ ओळींनी एका बाईची झोप नेली होती, आणि कौशल्या मात्र तिच्या गोष्टी येत नाहीत म्हणून झुरत होती. तिनं तुळजाबाईंचे हात धरले. पिठानं चिकट झालेले होते. "चुकलं माझं, मावशी," ती म्हणाली. "पदर पसरते."

"पदर नगं पसरू, कुरडई चिकटंल," तुळजाबाई म्हणाल्या आणि एकदम हसल्या. हसता हसता डोळे पुसले, मग पुन्हा हसल्या. पोटात कित्येक महिने धरून ठेवलेलं काहीतरी सुटावं तसं ते हसू होतं, आणि ते ऐकून कौशल्याच्याही छातीवरचा दगड उतरला. खालून सून काय झालं म्हणून बघायला आली, तर दोघी बायका कुरडयांच्या मधोमध बसून हसत होत्या.

"पुढच्या अंकात तुमचा खरा शेवट छापायचाय. माझ्या नावानं माफी मागून," निघताना कौशल्या म्हणाली. "छापू का?"

"मला इचारतीस व्हय?"

"नियम आहे."

तुळजाबाईंनी विचार केला. "मग छाप. आन घोरत व्हते त्ये बी घाल. त्येवढं लिवायचं राह्यलं व्हतं."

"तुम्ही लिहून दिलंत तर घालते. मी आता माझ्या मनानं काही घालत नाही."

कुरडया उलटायला कौशल्या तासभर थांबली. परतीच्या बसमध्ये वारजे येईपर्यंत तिला झोप लागली, आणि कंडक्टरनं हलवून उठवलं तेव्हा मांडीवर तुळजाबाईंच्या हिरव्या अक्षरातली घोरण्याची ओळ तशीच धरलेली होती. पर्समधलं वाचकाचं पत्र तिनं त्याच दिवशी पाठकोऱ्यांत टाकलं. मागं बघून टाकलं.

अंकात तिची माफी तुळजाबाईंच्या शेवटाखाली, चौकटीत, नावासह आली. ज्ञानदेवरावांनी ती अक्षरही न बदलता छापली, कारण कौशल्याचंही कधी काही छापून आलेलं नव्हतं. प्रूफसुद्धा त्यांनी तिला टपालानंच पाठवलं. दोन टेबलं एका खोलीत असताना ते विश्रांतवाडीला जाऊन तिसऱ्या दिवशी पोचलं.

मे महिन्यात एक जाड पाकीट आलं. कौशल्यानं ते फोडलं. हिरवं बॉलपेन, गोल गोल अक्षर, नवी गोष्ट. तिनं पहिलं पान उलटलं. मागची बाजूही भरलेली होती. दुसऱ्याची तशीच, तिसऱ्याची तशीच. शेवटचं पान तर दोन्हीकडून काठोकाठ, समासातसुद्धा लिहिलेलं.

"सर, नियम मोडलाय," तिनं सांगितलं.

"टाइप करा," ज्ञानदेवराव म्हणाले. त्यांनी सगळी पानं मागून घेतली होती आणि ते तिसरं पान ओलांडून पुढं वाचत होते.

पाकिटात एक चिठ्ठीही होती. कौशल्यानं ती उघडली.

'दोन्ही अंगांनी लिवलंय. आता मागं काय छापतेस ते बघते. पाकीट काल सकाळीच पोस्टात टाकनार व्हते, पन उठले आठला.'